चवड्यावर उभं राहणं

मागल्या थंडीत बिरवाडीकडची एक बाई आपल्या मुलीला कडेवर घेऊन महाडात आमच्या ओट्यावर आली. मुलगी कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती. तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. बाईला कुणीतरी सांगितलं होतं की हाच आजार झालेली एक बाई इथे राहते आणि ती चालते. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले आणि परत आले, तेवढं तिने बघून घेतलं. मग विचारलं, "पाय परत येतो का गो बाय?"

मी तिला चहा दिला, मुलीचे पाय हातात धरून पाहिले. काय परत येतं आणि काय येत नाही, हे एका वाक्यात सांगता येईना. तिची एस.टी. लागायची वेळ झाली आणि ती गेली. तिला जे सांगायचं राहिलं ते आता लिहिते आहे. यात औषध नाही, आणि दुसऱ्याला वाटून द्यावा इतका धीर माझ्यापाशी कधीच नव्हता. झालं तसं सांगते. दुसऱ्या कुणाच्या घरी हे आलं, तर पुढे काय काय येतं ते निदान आधी ठाऊक असेल.

ताप

माझं माहेर वरंध. दादाने हट्ट धरला म्हणून सातवीपर्यंत शिकले आणि मग लग्न होऊन कुडपणला गेले. कुडपण पोलादपूरच्या डोंगरात, अगदी माथ्यावर. वर जायला पायवाट, खाली यायला तीच पायवाट. पहिल्या वर्षी तो चढ मला जड गेला, मग अंगवळणी पडला. हिरड्यांची पाटी डोक्यावर घेऊन खाली उतरायचं, मीठ-तेल घेऊन वर चढायचं, याचं काही वाटेनासं झालं. चालता येतंय तोवर पायाकडे कोण बघतं?

गौरी-गणपती होऊन गेले होते. नाचणी कणसाला आली होती. बाळूला, माझ्या मुलाला, ताप आला. तो तेव्हा अडीच वर्षांचा, अजून अंगावर पीत होता. दोन-तीन दिवस मलूल पडला, सासूबाईंनी काढा पाजला, ताप उतरला आणि पोर पुन्हा अंगणात खेळायला लागलं. मग मला ताप भरला. पाठ आणि मान अशी आखडली की कूस बदलताना ओरडायला होई. तो तापही उतरला. सकाळी म्हशीची धार काढायला म्हणून उठले आणि अंथरुणाशेजारीच कोसळले. उजवा पाय दिसत होता, हात लावलेला कळत होता, पण उचल म्हटलं तर ऐकत नव्हता.

सासूबाई चुलीपाशी होत्या. "काय झालं गो?"

"आत्या, पाय उठत नाय."

त्यांनी पाय हातात धरला, वर उचलला आणि सोडला. ओलं लुगडं दांडीवरून घसरावं तसा तो खाली आला. त्या तेलाची वाटी घेऊन आल्या आणि चोळत बसल्या. दुपारी भगत आला, संध्याकाळी अंगारा लागला. दुसऱ्या दिवशी बाळूच्या वडिलांनी भावकीतली चार माणसं गोळा केली, मला डोलीत घातलं आणि खाली उतरवलं; सासूबाई बाळूला कडेवर घेऊन मागून आल्या. पाऊस होता. डोलीतून मला फक्त पुढच्या माणसाच्या पायाच्या टाचा दिसत होत्या. प्रत्येक पावलाला टाच उचलली जायची, चवडा दगडावर रुतायचा, पोटरीचा गोळा वर सरकायचा. इतकी वर्षं मीही तसंच चालत आले होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

दाबा

महाडच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, टाचणी टोचून पाहिली. मग माझ्या तळपायाला आपला पंजा लावला आणि म्हणाले, "दाबा."

मी दाबलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "दाबा."

त्यांच्या त्या दुसऱ्या 'दाबा'नेच मला सगळं कळलं. मी जीव खाऊन दाबत होते आणि त्यांच्या हातापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

"घरात लहान मूल आहे का? त्याला एवढ्यात ताप येऊन गेला?"

बाळू सासूबाईंच्या मांडीवर होता. बाळूचे वडील म्हणाले, "आला होता. हा बरा झाला."

डॉक्टर म्हणाले, "हा पोलिओ. लहान मुलांचा आजार म्हणतात, पण मोठ्यांनाही होतो. मूल सुटलं, या सापडल्या."

"औशद?" बाळूच्या वडिलांनी विचारलं.

"औषध नाही. मुंबईला न्या. काही स्नायू आपोआप परत येतील, काही येणार नाहीत. कुठले ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

मग सासूबाईंनी बाळूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "पोराचं आईनं घेतलं."

त्या वेळी ते ऐकून मला बरं वाटलं. आपल्याकडून काहीतरी मोठं झालं, असं वाटलं. त्याच रात्रीच्या गाडीने मला मुंबईला नेलं. बाळू सासूबाईंकडे राहिला.

ओल्या घोंगडीचा वास

इस्पितळात मला मुलांच्या खोलीला लागून एक खाट दिली. पलीकडे सगळी लहान मुलं, सगळ्यांना हाच आजार. मोठी अशी मी एकटी. सकाळी लोकरीच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून, पिळून पायाभोवती गुंडाळायचे. त्यांना पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास यायचा. तो वास आला की मी कुडपणला असायचे. मग पट्टी गार व्हायची, बाई ती सोडायची आणि पुन्हा खाट दिसायची. पाऊल खाली पडू नये म्हणून पायथ्याशी एक फळी उभी केली होती, तिला तळवा टेकवून दिवसभर उताणं पडायचं.

सुरुवातीला माझा पदर ओला होत असे. प्यायला बाळू नव्हता आणि दूध थांबत नव्हतं. शेजारच्या खोलीत कुठलंही मूल रडलं की दूध येई. याची मला फार लाज वाटायची. एका नर्सने न विचारता कोबीची पानं आणून दिली आणि छातीला बांध म्हणून सांगितलं. तिचं नावही मी विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी माझ्याशी चांगलं वागलेलं आठवायचं झालं, तर आधी ती आठवते.

मांडी परत आली. गुडघा परत आला. एके सकाळी गुडघा आपोआप सरळ झाला तेव्हा मी रडले. वाटलं, आता असंच वरून खाली सगळं येत जाईल. पोटरी काही आली नाही.

दोन स्नायू

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी मला कठड्याला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "चवड्यावर उभ्या राहा. दोन्ही टाचा वर."

डावी टाच वर गेली. उजवी जमिनीला चिकटून राहिली.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, गुडघे वाकलेले, तळवे जमिनीवर. उजव्या टाचेखाली एक कागद सरकवला. "आता टाच उचला."

मी जोर केला. ताईंनी कागद ओढला आणि तो सुटून त्यांच्या हातात आला. टाच उचलली गेली होती. कागदाच्या जाडीएवढीच, पण उचलली गेली होती. मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची बोटं बघा."

पायाची बोटं आत वळून जमीन कवटाळत होती.

मग त्यांनी मला माझ्याच डाव्या, चांगल्या पायावर शिकवलं. पोटरी म्हणजे एक गोळा नाही, म्हणाल्या. वरचा फुगीर दिसतो तो एक स्नायू. तो गुडघ्याच्या वरून येतो, म्हणून गुडघा सरळ असला की त्याला ताण बसतो आणि तो जोर करतो. त्याच्या खाली दुसरा आहे, चपटा, रुंद, गुडघ्याच्या खालून निघणारा. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि मग सगळं काम या खालच्यावर येतं. दोघांची दोरी शेवटी एकच होते आणि टाचेला बांधलेली असते. त्यांनी माझा हात धरून पोटरीवर ठेवला. गुडघा सरळ ठेवून टाच उचलली तर वरचा गोळा दगडासारखा झाला. बसून उचलली तर वरचा मऊच राहिला आणि त्याच्या खाली, दोन्ही कडांना, दुसरंच काहीतरी कठीण झालं. चांगल्या पायात दोघं कामाची वाटणी इतकी बेमालूम करत होते की कोण कुठे थांबतो ते कळत नव्हतं.

"उजव्यातला वरचा गेला," ताई म्हणाल्या. "खालचा थोडा आहे. पण तो थकला की बोटांचे आणि घोट्याच्या कडेचे बारके स्नायू मध्ये घुसतात. टाच उचलल्यासारखी दिसते, पण ते काम त्यांचं नव्हे. बोटं वळली की थांबायचं."

"जास्त केलं तर लवकर येईल ना?"

"नाही. या आजारात जास्त केलं तर जे उरलंय तेही दमून जातं. सांभाळून वापरायचं."

मी आयुष्यभर ऐकत आले होते की कष्टाने सगळं मिळतं. इथे कष्ट केले तर आहे तेही जाणार होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मी त्यांना विचारलं, "चढता येईल?"

"सपाटीवर चालाल. काठीशिवायही चालाल."

"माझं घर वर आहे."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला होता तो खाली ठेवला. म्हणाल्या, "चढताना सगळं अंग चवड्यावर उचलावं लागतं. उतरताना अंग पुढे धावतं, त्याला हाच खालचा स्नायू आवरून धरतो. एकट्याने दोन्ही होणार नाही."

बाळूचे वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं, पोटरीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शेतकरी माणूस, म्हणाले, "मंजी एका बैलाचं औत हाय म्हनायचं."

"हो."

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. एका बैलाने नांगरट होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पुढे आम्ही दोघं बाळूच्या दातांबद्दल बोललो.

माझा ताप?

इस्पितळातून सुटले ती महाडला दादाकडे आले. दादाचं बाजारात शिवणाचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. मी काजं-बटणं करून देऊ लागले. वहिनी वाईट नव्हती, पण दोन खोल्यांत कुणालाही चांगलं राहणं कठीण जातं. मी चालताना उजवी टाच आधी आदळायची आणि पंजा मागाहून पडायचा. त्या आवाजाने तिचं तान्हं मूल जागं होई. ती काही बोलत नसे. मीच बसून राहायला शिकले.

बाळूचे वडील आठवडी बाजाराला खाली येत, तूप ठेवून जात. बाळूला आणा म्हटलं की म्हणत, "वाट लांब हाय, आय सोडीत नाय." मग एकदा आणला. तो चार वर्षांचा झाला होता. बापाच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी हात पुढे केला नाही. त्याला स्वतःहून येऊ दिलं. बऱ्याच वेळाने तो आला आणि माझ्या शेजारी खाली बसला. मी पाय लांब करून बसले होते. त्याने आधी डाव्या पोटरीला हात लावला, मग उजव्या पोटरीला. उजवीकडे हाडाला नुसती कातडी होती.

"हितलं कुठं गेलं?"

"ताप घेऊन गेला."

त्याने पुन्हा तिथे हात लावला. मग म्हणाला, "माजा ताप?"

दादा मशिनीवर पाय चालवायचा थांबला. मी बाळूच्या वडिलांकडे पाहिलं. ते खाली मान घालून म्हणाले, "आय म्हनत आसती तसं."

सासूबाईंचं ते वाक्य वर गावात रोज कुणाला ना कुणाला सांगितलं जात होतं, आणि पोर ते ऐकत वाढत होतं. त्याच दिवशी मी ठरवलं, वर जायचं. सून म्हणून किंवा बायको म्हणून नाही. ते वाक्य त्याच्या कानातून काढायला.

चढ

पौषात वाट कोरडी असते. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे पायथ्यापर्यंत एक बैलगाडी मिळाली. मग मी आणि बाळूचे वडील चालायला लागलो; बाळू वर आजीपाशीच होता. ताईंनी शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी वर ठेवायचा, अंग त्याने उचलायचं, मग दुबळा पाय त्याच्या बरोबरीला आणायचा. दुबळ्याला कधीही पुढे पाठवायचं नाही. तसं केलं. बाळूचे वडील मागून येत होते. वाटेतल्या झऱ्यापर्यंत आलो तेव्हा मला वाटलं, होईल.

झऱ्याच्या वर डोंगराची उभी धार आहे. तिथे दगडात नुसती पावलं खोदलेली आहेत, एका वेळी एकच पाऊल मावतं. बरोबरीला आणायला जागाच नाही. उजवा पुढे टाकावाच लागला. गुडघा वाकवून खालच्या स्नायूवर भार दिला, तो थरथरायला लागला. मग चपलेत बोटं वळली. ताईंचं बोलणं आठवलं, बोटं वळली की थांबायचं. पण त्या धारेवर थांबता येत नाही. आणखी काही पावलं तशीच गेले. मग टाच खाली आली आणि उचलेना. पायात पेटका आला. मी दगडाला मिठी मारून उभी राहिले.

"पाठीवर ये," बाळूचे वडील म्हणाले.

"नको."

"आगो, हितं कोन बगतंय?"

मी तशीच उभी राहिले. ऊन तापायला लागलं. शेवटी त्यांनी पाठ वळवली आणि खाली बसले, आणि मी हात त्यांच्या गळ्यात घातले. वरच्या सड्यावर, उघड्या पठारावर, आलो तेव्हा ते धापा टाकत होते. सड्यावर आमच्याच भावकीतल्या बाया गुरांमागे होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

घरी गेल्यावर सासूबाईंनी गरम पाणी दिलं, मग तेल घेऊन पायाशी बसल्या. मी उजवा पाय पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि डावा ओढून घेतला. "काम हिनं क्येलंय," म्हणाल्या, आणि डावी पोटरी चोळत बसल्या. इतक्या महिन्यांत माझ्या त्या पायाची कुणी विचारपूस केली नव्हती.

अंगणात

वर माझ्या वाट्याला चूल आणि जातं आलं. पाणी खाली झऱ्यावर, ते सासूबाई आणत. त्या तेव्हाही साठीच्या पुढे होत्या. कळशी घेऊन दारात आल्या की मी नजर वळवत असे. बाळू हळूहळू माझ्या जवळ यायला लागला. रात्री माझ्या कुशीत झोपायला लागला.

एक दिवस मी दारात बसून वरी पाखडत होते. बाळू अंगणातून येत होता. त्याची उजवी टाच आधी आपटत होती. पंजा मागाहून पडत होता.

सूप माझ्या हातातून पडलं. वाटलं, तो आजार परत आला. सोडून गेला होता तो पोराला न्यायला परत आला. मी त्याला हाक मारली, भिंतीला धरून उभं केलं.

"एक पाय उचल. उजव्यावर उभा ऱ्हा. आता चवड्यावर."

तो चवड्यावर उभा राहिला.

"पुन्ना."

पुन्हा उभा राहिला. मी खाली बसले, त्याच्या उजव्या पोटरीवर हात ठेवला. वरचा गोळा कठीण झाला. "आता गुडगा वाकव आन् तसंच टाच उचल." खालचा, दोन्ही कडांना, कठीण झाला. बोटं वळली नाहीत, पाय थरथरला नाही. माझ्या हाताखाली ते दोघं एकमेकांना काम देत-घेत होते, जसं देवाने सांगितलं तसं. मी त्याला पुन्हा पुन्हा उभं केलं. तो कंटाळला तरी मी करवून घेतलं.

"तुजा पाय चांगला हाय. मग असा का चालतूस?"

तो भिंतीतल्या कारवीच्या काटकीची साल सोलत राहिला.

"बोल बाळू."

"तुजा त्यो पाय माजा हाय ना," तो म्हणाला.

सासूबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "आत्या, हे परत म्हनू नका. पोराचं आईनं घेतलं, हे कुनालाच सांगू नका."

त्यांनी पाटी खाली ठेवली. बाळूला बाहेर पाठवलं. मग म्हणाल्या, "तू मुंबईस हुतीस तवा भावकी हितं येऊन बसली. लंगडी सून काय कामाची, पोराला दुसरी बायकू बग म्हनाली. तवा मी म्हनले, तिनं माज्या नातवाचं मरान आपल्या अंगावर घ्येतलंय, तिच्या जागी मी दुसरी आनू? तवा त्ये उटून ग्येले. येवड्या एका बोलन्यावर तुजी जागा ऱ्हायली हाय गो. आता तू म्हनतीस तर नाय बोलत."

ज्या वाक्याने माझं घर राखलं होतं तेच माझ्या पोराला लंगडत चालायला लावत होतं. दोन्हीतलं एकच ठेवता येणार होतं.

संध्याकाळी गुरं आल्यावर भावकीतले दोघं-तिघं अंगणात बसले होते, तेव्हा मी बाळूला मध्ये उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ताप तुजा नव्हता. माजा व्हता, मला आला. तू कुनाला कायबी दिलं नायस." सासूबाई दारात उभ्या होत्या.

बाळूचं ते चालणं एका दिवसात गेलं नाही. पुढचा पावसाळा सरला तेव्हा मला कळलं की गेले कित्येक दिवस तो सरळ चालतोय.

उरलेलं

त्या चढाने, आणि वरच्या ओबडधोबड जमिनीने, माझं उरलेलं खाऊन टाकलं. पावसाळ्यानंतर मी बसून टाच उचलून पाहिली. बोटं वळली, घोटा कडेला कलला, टाच तिथेच. खालचा स्नायूही दमून गेला होता. महाडच्या डॉक्टरांना दाखवायला मला पुन्हा डोलीतून उतरवलं. त्यांनी तळव्याला पंजा लावला आणि या वेळी एकदाच 'दाबा' म्हणाले. "सपाटीवर राहा," म्हणाले. "वर परत जाऊ नका."

मी गेले नाही. दादाने दुकानाशेजारी एक खोली पाहून दिली. बाळूला शाळेसाठी माझ्याकडे ठेवलं. बाळूचे वडील वर, आई आणि गुरांपाशी. आमचा संसार आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपुरता असतो. भावकी पुन्हा त्यांच्याकडे बसायला आली होती, हे मला बाहेरून कळलं. त्यांनी दुसरं केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. उत्तरात दया निघाली असती तर मला सोसलं नसतं.

बाळू सुट्टीत वर जातो, शिमग्याला जातो. मोठा झाला, पोटऱ्या बापासारख्या झाल्या. वरून आला की तिथलं सांगतो. मी ऐकते आणि काजं करते. ज्यांना ही दुखणी नवी आहेत त्यांना मला खोटं सांगायचं नाही. माणूस याला सरावतो, असं सगळे म्हणतात. मी सरावले नाही. मी फक्त दिवस ढकलायला शिकले.

परवाच्या माघात सासूबाई खाली आल्या. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा. काठी टेकत, उतरायलाच त्यांना पूर्ण सकाळ लागली होती. माझ्याकडे दोन दिवस राहिल्या. माझ्या दोन्ही पायांना तेल लावलं, मी नको नको म्हणत असताना. जाताना मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. पोलादपूरची गाडी लागायची होती.

"आत्या, ऱ्हावा ना हितंच. सपाटी हाय."

"म्हस इयाली हाय गो. त्याला येकल्याला जमत नाय." मग म्हणाल्या, "माज्या पायातबी आता नाय ऱ्हायलं. ह्या टायमाला वर ग्येले की परत उतरन्याचं होनार नाय."

मला कळलं त्या काय सांगायला आल्या होत्या. त्या खाली यायच्या नाहीत आणि मला वर जाता यायचं नाही. मी त्यांच्या पाया पडले. वाकताना तोल जातो म्हणून त्यांनीच मला दंडाला धरून ठेवलं.

गाडी आली. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं. त्या खिडकीशी बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि समोर बघत राहिल्या. गाडी सुटली तरी त्यांनी मान वळवली नाही. चढ पुढे असला की आमच्याकडची माणसं मागे बघत नाहीत.